अंबडच्या युनिटचं लाइट बिल, सोलरचं कोटेशन आणि कार्बनचा फॉर्म: आधी कशाला हात घालायचा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा होता, की नाशिकच्या अंबडला तुमचं मशिनिंगचं युनिट आहे, एचटी (हाय टेन्शन) कनेक्शन, दोन शिफ्ट, महिन्याला ४० हजार युनिटच्या आसपास वीज लागते, सोलरवाला २०० किलोवॅटचं कोटेशन देऊन गेलाय, त्यातच मोठ्या कस्टमरने कार्बनचा फॉर्म, म्हणजे वर्षाला तुमच्यामुळे किती कार्बन डायऑक्साइड निघतो त्याचा हिशोब, भरून मागितलाय, तर सोलर लावलं की दोन्ही कामं होतील का, आणि सरकारच्या एवढ्या स्कीम चालू आहेत त्यातलं काही आपल्यासारख्या छोट्या माणसाच्या उपयोगाचं आहे का.

वीस वर्षं मी एनर्जी ऑडिटचंच काम करतोय, सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी इकडच्या भरपूर शेडमध्ये मीटर लावून बसलोय, त्यामुळे सरळ सांगतो. सोलर लावा, पण सगळ्यात शेवटी लावा. आधी जी वीज उगाच जातेय ती थांबवा, मग उरलेल्या लोडपुरतं सोलर घ्या. उलट्या क्रमाने केलं तर गळतीसाठीसुद्धा पॅनल विकत घेतल्यासारखं होतं, आणि हे मी खूप ठिकाणी होताना बघितलंय, पोटात तुटतं अक्षरशः.

आता असं का म्हणतोय ते जरा विजेच्या वाटेने चालत जाऊन बघा. नाशिकरोडकडे गेलं की एकलहऱ्याच्या चिमण्या दिसतात, तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, म्हणजे ६३० मेगावॅट, कोळसा रेल्वेने येतो. तुमच्या शेडमधली वीज नेमकी तिथलीच असते असं नाही, ग्रिड एकच आहे, पण समजायला बरं पडतं. कोळशात जेवढी उष्णता असते त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा विजेत उतरतो, बाकी चिमणीतून आणि कूलिंग टॉवरमधून जातो. मग त्यातली थोडी तारांमध्ये आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये जाते. मग ती तुमच्या कंप्रेसरमध्ये येते, आणि कंप्रेस्ड एअरचं असं आहे की घातलेल्या विजेतली साधारण दहाच टक्के ताकद कामाला येते, उरलेली उष्णता होऊन जाते, म्हणून तर कंप्रेसर रूम एवढी तापते. म्हणजे कोळशातले शंभर धरले तर तुमच्या एअर गनच्या तोंडाशी तीनेक पोचतात. आणि ते तीन पण पाइपच्या जॉइंटमधून सुसू करत गेले तर? म्हणून मी म्हणतो की बचत करायची जागा वाटेच्या शेवटच्या टोकाला आहे, तिथे एक वाचवलं की मागे तीस-बत्तीस वाचतात. ग्रिडच्या एका युनिटमागे देशाची सरासरी धरली तर ०.७ किलोच्या थोडा वर कार्बन डायऑक्साइड निघतो. तुमचे महिन्याचे ४० हजार म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार युनिट, म्हणजे साधारण ३४० टन. हा आकडा लक्षात ठेवा, फॉर्मच्या वेळी लागेल.

कंप्रेसरची गोष्ट सांगतो, कारण तुमच्यासारख्याच एका युनिटची आहे. मालकाचं म्हणणं होतं की कंप्रेसर लहान पडतोय, प्रेशर मिळत नाही, ३७ किलोवॅटचा स्क्रू कंप्रेसर आहे, आता अजून एक घ्यायचा. मी म्हटलं घ्या, पण त्याआधी मला एक सुट्टीचा दिवस द्या. सकाळी आठला गेलो, मशीनं सगळी बंद, शेडमध्ये फक्त मी, मेंटेनन्सचा एक मुलगा आणि वॉचमन काका. कंप्रेसर एकटा चालू केला. एकही मशीन हवा घेत नाहीये म्हटल्यावर खरं तर टाकी भरली की त्याने लोडवर यायलाच नको. पण तो ३ मिनिटं लोडवर (हवा भरत), ५ मिनिटं अनलोडवर (नुसता फिरत), परत ३ मिनिटं लोडवर असा चालला होता. आठातली तीन मिनिटं, म्हणजे ३७ टक्के हवा नुसती गळतीला. इतर दिवशी मशीनच्या आवाजात हे कुणाला ऐकू येत नाही, पण त्या शांततेत सगळी शेड सापासारखी फुसफुसत होती. मुलाच्या हातात साबणाच्या पाण्याचा मग आणि ब्रश दिला, आणि आम्ही एकेक लाइन धरून फिरलो. क्विक कपलरमधून, एफआरएलच्या (मशीनआधी हवा गाळून प्रेशर बांधणाऱ्या फिटिंगच्या) वाटीमधून, प्लॅस्टिकचा पीयू पाइप जिथे तिरका कापून घुसवलाय तिथून, रिसीव्हरच्या खालच्या ड्रेन व्हॉल्व्हमधून, जो कायमचा अर्धवट उघडा ठेवला होता कारण पाणी साठतं म्हणून. एका ठिकाणी तर सायकलच्या ट्यूबची पट्टी आणि बाइंडिंग वायर गुंडाळलेली होती, चार वर्षांपूर्वी तात्पुरती म्हणून. दुपारपर्यंत ४१ जागांना खडूने खुणा केल्या.

दुरुस्तीला सामान किती लागलं तर फिटिंग, पाइप, चांगले कपलर, दोन ऑटो ड्रेन, सगळं मिळून ३० हजाराच्या आत. गळती ३७ वरून १० टक्क्यांवर आली. आणि गळती कमी झाल्यावर कळलं की ८ बारचं सेटिंग लागतच नव्हतं, लांबच्या मशीनला प्रेशर पोचत नाही म्हणून कुणीतरी वाढवून ठेवलं होतं. ते साडेसहावर आणलं. दर १ बार कमी केल्याला कंप्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्के कमी होते. दोन्ही मिळून महिन्याला ४ हजार युनिटच्या आसपास वाचले. आणि नवीन कंप्रेसर घ्यायचा होता तो रद्द झाला.

आता हेच ४ हजार युनिट सोलरवर काढायचे तर काय लागेल बघा. नाशिकमध्ये १ किलोवॅट पॅनलमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, म्हणजे महिन्याला १२०. चार हजारासाठी ३३ किलोवॅट. किलोवॅटला ४५ हजार जरी धरले तरी १५ लाख. एकीकडे ३० हजार, एकीकडे १५ लाख, काम तेच, कार्बन तोच, वर्षाला ३४ टन. मी सोलरच्या विरोधात अजिबात नाही, माझ्या स्वतःच्या घरावर आहे, पण हा हिशोब तुम्हाला सोलरवाला सांगणार नाही, त्याचा तो धंदा नाही आणि त्याला दोष पण देता येत नाही.

एक भोक म्हणजे किती हे पण सांगून ठेवतो. ७ बारला ३ मिलिमीटरच्या भोकातून जाणारी हवा बनवायला साधारण ३ किलोवॅट लागतात. माचिसच्या काडीपेक्षा जरासं मोठं भोक. दोन शिफ्टला वर्षाचे १४-१५ हजार युनिट. आणि हो, माणसं उन्हाळ्यात एअर गनने अंगावर वारा घेतात, त्यांना ओरडू नका, त्यांच्या डोक्यावर पंखा लावा. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये उभं राहून बघा म्हणजे कळेल. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसीचा ३० च्या आसपास, आणि एअर गन धरली तर किलोवॅटमध्ये हिशोब जातो. जॉब साफ करायलासुद्धा जिथे ब्लोअर किंवा ब्रश चालतो तिथे कंप्रेस्ड एअर वापरू नका.

दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची, आणि इथे मला दोन वेगवेगळ्या गोष्टी वेगळ्या करून सांगायच्या आहेत कारण लोकं त्या एकत्र करतात. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे एचटी ग्राहकांना केव्हीएएच वर बिल येतं, म्हणजे नुसत्या खऱ्या युनिटवर (केडब्ल्यूएच) नाही, तर ग्रिडवर पडलेल्या एकूण भारावर, आणि त्या भारातला खऱ्या कामाचा हिस्सा म्हणजे पॉवर फॅक्टर. म्हणजे पॉवर फॅक्टर ०.९२ असेल तर ४० हजार युनिट वापरून तुम्ही साडेत्रेचाळीस हजाराचे पैसे भरता. तो ०.९९ वर नेला तर ४० हजार ४००. महिन्याला ३ हजार युनिटचे पैसे वाचले. पण कार्बन वाचला का? जवळजवळ नाही, तारांमधला तोटा थोडा कमी होतो एवढंच. म्हणून फॉर्ममध्ये हे बचत म्हणून लिहू नका, बिल कमी झालं म्हणजे वीज कमी झाली असं नसतं.

आणि इथेच सोलरचा एक खड्डा आहे. समजा दुपारी तुमचा लोड १०० किलोवॅट आणि ४० केव्हीएआर (मोटरींच्या चुंबकत्वाला लागणारा, काम न करणारा भार) आहे, पॉवर फॅक्टर ०.९३ येतो. आता सोलरने ७० किलोवॅट दिले. सोलर इन्व्हर्टर साधारणपणे नुसते किलोवॅट देतो, केव्हीएआर ग्रिडमधूनच येतात. मग ग्रिडकडून तुम्ही घेताय ३० किलोवॅट आणि ४० केव्हीएआर, म्हणजे एकूण भार ५० केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.६! मालक म्हणतो सोलर लावलं तरी बिल म्हणावं तसं उतरलं नाही, आणि एपीएफसी पॅनल (पॉवर फॅक्टर आपोआप सांभाळणारं कॅपॅसिटरचं पॅनल) उघडून बघावं तर आतले निम्मे कॅपॅसिटर फुगलेले, काँटॅक्टर चिकटलेले. तेव्हा कोटेशनवाल्याला विचारा की सोलर आल्यावर पॉवर फॅक्टर कोण सांभाळणार, इन्व्हर्टरला ती सेटिंग आहे का, आणि ते लेखी घ्या. शिवाय आता १ जुलै २०२५ पासूनच्या दरात दिवसा उन्हाच्या वेळेला सवलत आहे आणि संध्याकाळी ५ नंतर जादा आकार आहे, तुमची दुसरी शिफ्ट नेमकी त्यातच येते, तर दुपारी बनलेली जादा वीज संध्याकाळच्या वापरात वळती होते का, कशी होते, हे पण नीट समजून घ्या. जी कामं हलवता येतात, पार्ट वॉशिंगचं पाणी तापवणं, टाक्या भरणं, बॅटरीवाली फोर्कलिफ्ट असेल तर तिचं चार्जिंग, ती दुपारी घ्या, पैसे वाचतात आणि संध्याकाळच्या कोळशावरचा ताण पण तेवढा कमी होतो.

मोटरबद्दल. तुमच्या हायड्रॉलिक पॉवर पॅकच्या, कूलंट पंपाच्या मोटरी किती वेळा रिवाइंड झाल्यात याची नोंद आहे का? बहुतेक नसणार. रिवाइंडिंगवाला जुनं वाइंडिंग काढायला स्टेटर भट्टीत टाकतो किंवा गॅसची ज्योत मारतो, तापमान जास्त गेलं की आतल्या पत्र्यांवरचं इन्सुलेशन जळतं आणि मोटर चालते छान पण कायमची जास्त वीज खायला लागते. १५ किलोवॅट, चार पोलच्या मोटरचं घ्या, आयई म्हणजे एफिशियन्सीची पायरी, आयई१ ला ८८.७ टक्के एफिशियन्सी लागते, आयई२ ला ९०.६, आयई३ ला ९२.१. दोन-तीनदा जळून आलेली जुनी मोटर ८६ वर गेली असं धरलं, आणि ती १२ किलोवॅटचं काम करतेय असं धरलं, तर आयई३ पेक्षा तासाला ०.९ युनिट जास्त. दोन शिफ्टला महिन्याचे पावणेचारशे युनिट, एका मोटरमागे. नवीन मोटरची किंमत दीड-दोन वर्षांत निघते आणि मोटर पुढे पंधरा वर्षं चालते. म्हणून नियम एकच ठेवा, जी मोटर रोज दोन शिफ्ट चालते ती दुसऱ्यांदा जळली की रिवाइंड करायची नाही. आणि पहिल्यांदा रिवाइंड करून आली की नो-लोड करंट मोजून जुन्याशी ताडून बघायचा, वाढला असेल तर परत पाठवायची. सातपूरला चांगले रिवाइंडिंगवाले आहेत, आपण मोजतो हे त्यांना कळलं की काम सुधारतं, हा माझा अनुभव आहे.

व्हीएफडीबद्दल, म्हणजे मोटरचा स्पीड कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हबद्दल, सगळे विचारतात. जिथे पंखा किंवा पंप आहे आणि गरज कमी-जास्त होते तिथे तो फार छान, कारण स्पीड ८० टक्के केला की वीज घनाने उतरते, ५१ टक्क्यांवर येते. पण सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका ठिकाणी चुकलो होतो. उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला व्हीएफडी सुचवला, कागदावर ३० टक्के बचत दाखवली, आणि प्रत्यक्षात काहीच मिळालं नाही. कारण तिथे पाइपचं घर्षण कमी आणि उंचीच जास्त होती, स्पीड कमी केला की पाणी वर चढायलाच तयार नाही, आणि चढलं तरी पंप जास्त वेळ चालवायला लागायचा. मालकाचे पैसे गेले, मी फी परत दिली, पण तेव्हापासून पंपाला हात लावायच्या आधी मी टाकीची उंची मोजतो. तुमच्याकडे कुणी सरसकट सगळ्या मोटरींना व्हीएफडी लावा म्हणत असेल तर थांबवा त्याला, कायम फुल लोडवर चालणाऱ्या मोटरला व्हीएफडी लावला तर उलट दोन-चार टक्के जास्त जातात.

जरा विषय सोडून सांगतो, पण आपल्या नाशिकचाच आहे. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी पट्ट्यात द्राक्षाची पॅक हाउस आहेत, तिथे प्री-कूलिंगला भरपूर वीज जाते. लोकं कंप्रेसर बदलायचं विचारतात, मी विचारतो द्राक्ष काढता किती वाजता. ३० अंशाची द्राक्षं २ अंशावर आणायची तर टनाला साधारण ११-१२ युनिट लागतात, तीच पहाटे २० अंशाची असताना काढून सावलीत आणली तर साडेसात. एक पैसा न घालता टनामागे ४ युनिट, आणि माल पण चांगला टिकतो. मग दरवाज्याच्या पट्ट्यांचे पडदे बघायचे, ते फाटलेले असतात किंवा ट्रॉली अडते म्हणून बांधून वर टाकलेले असतात. मग इव्हॅपोरेटरचं (आतली हवा गार करणाऱ्या कॉइलचं) तापमान, गरजेपेक्षा १ अंश जरी कमी ठेवलं तरी ३ टक्के वीज जास्त. टेक्नॉलॉजी म्हटलं की लोकांना नवीन मशीन डोळ्यासमोर येतं, पण माझ्या बघण्यात पहिली दहा टक्के बचत जवळजवळ कायम अशा गोष्टींतूनच निघालीय.

आता सरकारचं. इथे माझं मत जरा ठाम आहे. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, त्यातून २००२ ला बीईई ही ऊर्जा बचतीची केंद्रीय संस्था आली, तेव्हापासून बरंच काही झालं, पण जे खरंच कामाला आलं ते बघितलं तर एक गोष्ट दिसते. जिथे धोरणाने माणसाच्या डोक्यावरचा निर्णय काढून घेतला तिथे फरक पडला. एलईडी आठवा. २०१५ च्या जानेवारीत उजाला ही स्कीम सुरू झाली, महावितरणच्या ऑफिसबाहेर टेबल टाकून बल्ब विकले जायचे, लोक लाइट बिल घेऊन रांगेत. सरकारी कंपनीने एकदम कोट्यवधी बल्बची खरेदी केली म्हणून जो बल्ब ३१० रुपयांना खरेदी होत होता तो दोनेक वर्षांत ३८ वर आला, ३६ कोटींच्या वर बल्ब वाटले गेले. कुणाला भाषण द्यावं लागलं नाही, दुकानात पिवळा बल्ब मिळेनासाच झाला. स्टार लेबलचं तसंच. एसी आणि फ्रीजला २०१० पासून सक्तीचं, सीलिंग फॅनला २०२३ पासून, दर काही वर्षांनी पट्टी वर सरकवतात, आजचा पाच स्टार उद्या तीन स्टार होतो, आणि घेणाऱ्याला काही न कळता चांगलं मशीन घरी येतं. १ जानेवारी २०२० पासून एसी २४ अंशालाच चालू होईल अशी सक्ती केली, केवढा छोटा नियम, पण बहुतेक माणसं रिमोटला हात लावत नाहीत. २०१७ च्या ऑक्टोबरपासून आयई२ च्या खालच्या मोटरी बनवून विकायला बंदी आली, तेही योग्यच.

मोठ्या कारखान्यांसाठी २०१२ ला पॅट नावाची स्कीम आली. सिमेंट, स्टील, खत, थर्मल पॉवर असे ८ उद्योग, ४७८ कारखाने, प्रत्येकाला स्वतःचं टार्गेट, जास्त बचत केली तर सर्टिफिकेट विकायचं, कमी पडलं तर विकत घ्यायचं. २०१५ ला पहिली फेरी संपली तेव्हा टार्गेटपेक्षा जास्त बचत निघाली, ३ कोटी १० लाख टन कार्बन डायऑक्साइड टळला असा हिशोब आहे. आता २०२२ च्या दुरुस्तीनंतर तेच कार्बन क्रेडिटच्या बाजाराकडे चाललंय. पण भाऊ, यात तुम्ही नाही, मी नाही, अंबडची छोटी शेड कुठेच नाही. ३ कोटी टन वाचले ते ४७८ गेटच्या आत वाचले, आणि आपल्याकडे एकेका एमआयडीसीत शेकडो गेट आहेत, प्रत्येकाच्या आत ती फुसफुस चालूच आहे, आणि तिचा मालक कुणी नाही. प्रॉडक्शनवाला म्हणतो माझं काम पार्ट काढायचं, मेंटेनन्सवाला म्हणतो ब्रेकडाउन नाही ना मग झालं, अकाउंटवाला बिल भरतो, मालक ऑर्डरच्या मागे.

छोट्यांसाठी २०२५ च्या जुलैमध्ये अदिती नावाची स्कीम आलीय, १ हजार कोटींची. एफिशियंट मशीनसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजात मायक्रो आणि स्मॉलला ५ टक्के, मीडियमला ३ टक्के सूट, ऑडिटलाही मदत. त्यात फोर्जिंग, फाउंड्री, फूड प्रोसेसिंग, टेक्स्टाइल असे १४ सेक्टर आहेत. तुमचं नुसतं मशिनिंग असेल तर बसतं का ते महाऊर्जाच्या (राज्य सरकारच्या ऊर्जा संस्थेच्या) ऑफिसात जाऊन विचारा, पण तुमचे फोर्जिंगचे आणि कास्टिंगचे व्हेंडर नक्की बसतील, त्यांना सांगा, कारण त्यांची भट्टी सुधारली तर शेवटी तुमच्याच पार्टचा कार्बन कमी होणार आहे. मला स्वतःला वाटतं की यापेक्षाही एक साधी गोष्ट हवी, की आयमा-निमासारख्या आपल्या उद्योजकांच्या संघटनांनी आठ-दहा शेडमध्ये मिळून एक माणूस ठेवावा, ज्याच्याकडे लीक डिटेक्टर, पॉवर अ‍ॅनालायझर आणि थर्मल कॅमेरा असेल, आणि तो दर महिन्याला प्रत्येकाकडे एक दिवस फिरेल. बँक पॅनल बघून कर्ज देते कारण पॅनल दिसतं, थांबलेली गळती दिसत नाही, तिच्यावर कोण कर्ज देणार. म्हणून तिथे कर्ज नको, माणूस पाहिजे. गेली काही वर्षं मी जिथे बोलायला मिळेल तिथे हे बोलतोय, दोन-तीन मालक तयारही आहेत, तुम्ही येत असाल तर बसू एकदा.

एक धोका पण सांगून ठेवतो. बचत झाली की माणूस सैल होतो. एलईडी आले म्हणून रात्रभर सगळी शेड उजळून ठेवणारे बघितलेत मी, एसी पाच स्टार घेतला म्हणून तीन खोल्यांत लावला. म्हणून दर पार्टमागे किती युनिट लागले हा आकडा महिन्याच्या महिन्याला फळ्यावर लिहा, नुसतं एकूण बिल बघून काही कळत नाही, ऑर्डर कमी झाली तरी बिल कमी होतंच.

आता तो फॉर्म. घाबरू नका. लिस्टेड मोठ्या कंपन्यांना सेबीकडे दरवर्षी असा रिपोर्ट द्यावा लागतो, पहिल्या १ हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचं आहे, आणि त्यांचा माल आपल्याकडून जातो म्हणून त्या आता आपल्याला विचारायला लागल्यात. युरोपचा कार्बन टॅक्स वेगळा, तो १ जानेवारी २०२६ पासून खरा लागू झालाय, स्टील, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट वगैरेवर, आणि त्यात बोल्ट-स्क्रूसुद्धा येतात, तुम्ही तसलं काही थेट पाठवत असाल तर मला वेगळं सांगा. तुमच्या फॉर्ममध्ये दोन रकाने असतील. स्कोप १ म्हणजे तुम्ही स्वतः जाळलेलं इंधन, डिझेल लिटरला २.६८ किलो, एलपीजी किलोला साधारण ३ किलो. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, बाराही बिलांवरचे युनिट जोडा, केव्हीएएच नाही, केडब्ल्यूएच घ्या, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा चालू आकडा लावून गुणा. खरे आकडे लिहा. पहिल्या वर्षी आकडा मोठा दिसला तर काही बिघडत नाही, पुढच्या वर्षी त्यावरून किती उतरलं तेच ते विचारणार आहेत, आणि पहिल्याच वर्षी कमी लिहून ठेवलं तर खरी केलेली बचतसुद्धा दाखवता येणार नाही.

तर येत्या सुट्टीच्या दिवशी सकाळी एवढं करा. सगळ्या मशीनचे एअर व्हॉल्व्ह नेहमी असतात तसेच राहू द्या, फक्त मशीनं बंद. कंप्रेसर चालू करा, टाकी भरू द्या, मग मोबाइलमधलं स्टॉपवॉच घेऊन लोडवर किती सेकंद आणि अनलोडवर किती सेकंद हे सलग पाच वेळा कागदावर लिहा. त्याच दिवशी एपीएफसी पॅनल इलेक्ट्रिशियनकडून उघडून प्रत्येक कॅपॅसिटरचा करंट मोजून घ्या, आणि चालू मोटरींच्या नेमप्लेटचे फोटो काढा, कुठली कितीदा जळली ते जुन्या माणसाला विचारून बाजूला लिहा. मागच्या बारा बिलांचे फोटो त्यासोबत मला पाठवा. सोलरवाल्याला पंधरा दिवस थांबायला सांगा, २०० किलोवॅट लागतंय की १५० मध्ये भागतंय ते हे आकडे बघून ठरवू.